कवडशावरची प्रवाळं: बेळगावच्या घरात उन्हावर चालणारा समुद्री टँक

समुद्री टँकचा विषय निघाला की दुकानदार आधी दिव्यांची किंमत सांगतो. प्रवाळांवर लावायचे एलईडी बरेचदा टँकपेक्षा महाग पडतात आणि वर महिन्याच्या महिन्याला विजेचं बिल येतं. आपल्याकडे मात्र परतीचा पाऊस सरला की पुढच्या मृगापर्यंत ऊन दारात उभं असतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या माणसानं पडदे ओढून घ्यावेत आणि आत निळे दिवे लावावेत, हे मला पटत नाही. उन्हावर प्रवाळं आपल्या घरात उत्तम वाढतात. अट एकच, उन्हाचा हिशेब एका दिवसाचा न मांडता वर्षभराचा मांडायचा.

कल्पना जुनी आहे. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली नैसर्गिक पद्धत जगापुढे मांडली. समुद्रातले जिवंत दगड (म्हणजे सूक्ष्म जीव वसलेले दगड), हवेचे बुडबुडे आणि ऊन, एवढ्यावर ते टँक चालवत होते. पण जकार्ता विषुववृत्तापासून जेमतेम ६ अंशांवर आहे, तिथलं ऊन बारा महिने फारसं बदलत नाही. बेळगाव जवळपास १६ अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवर आणि जून ते सप्टेंबर ढगाखाली. त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलली तर एप्रिलमध्ये टँक तापेल आणि जुलैमध्ये प्रवाळं उपाशी राहतील, कारण त्यांच्या पेशींतलं सूक्ष्म शैवाल उजेडावरच त्यांचं अन्न बनवतं. म्हणून खालचा सगळा क्रम आपल्या हवामानाप्रमाणे लावला आहे.

आधी खिडकी ठरवा

टँक विकत घ्यायच्या आधी निदान महिनाभर खिडक्यांचा अभ्यास करा. पश्चिमेची खिडकी पहिल्याच दिवशी बाद करा. दुपारी तीननंतर खोली आधीच तापलेली असते, त्यात ते ऊन पाण्यावर पडलं की एप्रिल-मे निभावणार नाही.

दक्षिणेची खिडकी फसवी असते. २२ डिसेंबरच्या दुपारी बेळगावात सूर्य क्षितिजापासून साधारण ५१ अंशांवर असतो. खिडकीची वरची चौकट टँकच्या काठापेक्षा एक मीटर उंच असेल तर ऊन सुमारे ८० सेंमी आत येतं, म्हणजे अख्खा टँक उन्हात न्हातो. मार्चच्या २१ तारखेला सूर्य ७४ अंशांवर जातो आणि तेच ऊन २८ सेंमीवर आटोपतं. बाहेर छज्जा असेल तर तेवढंही नाही. मेच्या सुरुवातीला सूर्य थेट डोक्यावर येतो, आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो तो हाच. तिथपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. थंडीत दक्षिणेची खिडकी बघून जो भारावून टँक ठेवतो, त्याला मे महिन्यात तिथं थेट ऊन दिसत नाही.

माझं मत पूर्वेच्या खिडकीला. सूर्योदयाची जागा डिसेंबर ते जून अशी उजवी-डावीकडे सरकते खरी, पण सकाळचे दोन-तीन तास ऊन वर्षभर मिळतं. ते ऊन मिळतं तेव्हा खोली आणि पाणी दोन्ही थंड असतात, हा मोठा फायदा. समोर नारळाचं झाड किंवा शेजाऱ्याची दुमजली भिंत नाही ना, तेवढं बघा.

शहापूर, वडगाव, अनगोळच्या जुन्या घरांत आणि खानापूर तालुक्यातल्या कौलारू घरांत आणखी एक सोय असते, ती म्हणजे काचेचं कौल. मंगलोरी कौलांच्या रांगेत दोन-तीन काचेची कौलं बसवली की वरून कवडसा पडतो. प्रवाळांना वरून आलेला प्रकाश सर्वांत मानवतो, कारण समुद्रातही तो वरूनच येतो. बाजूच्या खिडकीतून प्रकाश मिळाला तर प्रवाळं त्या दिशेला झुकून वाढतात आणि खिडकीकडची काच शेवाळाने हिरवी होते. कौलाची अडचण अशी की कवडसा तासागणिक सरकतो. त्यामुळे जमिनीवर खडूनं त्याची वाट आखून घ्या. सकाळी नऊ, अकरा, एक आणि तीन वाजता खुणा करा, महिन्यानं पुन्हा करा. टँक त्या वाटेवर आडवा ठेवायचा. एका रांगेत तीन कौलं असतील तर एक कवडसा निसटेपर्यंत दुसरा टँकवर येतो. मात्र टँकच्या काठाच्या उंचीवर कवडसा कुठं पडतो ते बघायला तेवढ्या उंचीचं स्टूल ठेवून त्यावर खुणा करा, जमिनीवरची खूण काही हात सरकलेली असते.

ऊन मोजायचं कसं

डोळ्यावर विश्वास ठेवू नका. अंधाऱ्या खोलीतली खिडकी डोळ्याला झगझगीत वाटते, पण तिथं प्रकाश फार थोडा असू शकतो. साधा लक्स मीटर घ्या किंवा मोबाईलमधलं लक्स मोजणारं ॲप वापरा. ॲप अचूक नसतं, पण सकाळ-दुपारचा फरक कळायला पुरतं. मीटर टँकच्या काठाच्या उंचीवर आडवा, तोंड वर करून ठेवायचा आणि सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला आकडा लिहून ठेवायचा.

प्रवाळांना किती प्रकाश मिळतो ते पार या मापात सांगतात. उन्हाच्या बाबतीत ५४ लक्स म्हणजे साधारण १ पार. भर दुपारचं मोकळं ऊन एक लाख लक्सच्या घरात, म्हणजे सुमारे १,९०० पार. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार पुरतात. म्हणजे आपल्याला ऊन कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याची भीती मोठी.

पण एका क्षणाच्या आकड्यापेक्षा दिवसभराची बेरीज महत्त्वाची. दर तासाच्या लक्सच्या नोंदींची बेरीज करा आणि तिला १५,००० नं भागा, दिवसभरात मिळालेला प्रकाश मोल प्रति चौरस मीटर या मापात मिळतो. समजा पूर्वेच्या खिडकीत आठ वाजता १८,०००, नऊला ३२,०००, दहाला २५,०००, अकराला ६,००० आणि पुढे सहा तास दोन-दोन हजार लक्स मिळाले. बेरीज ९३,०००, भागिले १५,०००, उत्तर ६.२. मऊ प्रवाळांसाठी ३ ते ६ मोल छान. ६ च्या वर गेलं तर कापड लावायचं, ३ च्या खाली गेलं तर एलईडी. वर्षभराचं सगळं नियोजन या एका भागाकारावर चालतं, म्हणून वही घालाच. महिन्यातून एक स्वच्छ आणि एक ढगाळ दिवस मोजला की बस्स.

कोणती प्रवाळं, आणि कायदा

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सगळी कठीण प्रवाळं, समुद्री पंखे, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ आहेत. समुद्री घोडाही संरक्षित आहे. जिवंत असोत की नुसता सांगाडा, ती घरात ठेवणं गुन्हा आहे. आपण आंबोलीवरून मालवणला जातो, कुणी मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणीला पाण्यात उतरतो. तिथली प्रवाळं तिथंच राहू द्या. मालवणचा किनारा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. वाळूत पडलेला पांढरा तुकडासुद्धा खिशात घालू नका, आणि दुकानात जिवंत दगड म्हणून प्रवाळाचे सांगाडे विकायला ठेवले असतील तर तिथून काहीच घेऊ नका. मासे आणि प्रवाळांच्या प्रेमापोटी आपण हे करतोय, त्याच प्रेमाचा हा भाग आहे.

मग ठेवायचं काय? झोअँथिड, मशरूम म्हणजे कॉरलिमॉर्फ, लेदर कोरलमधली सार्कोफायटॉन आणि सिन्युलेरिया, आणि लयीत हात उघडझाप करणारी झेनिया. या मऊ जातींना कठीण सांगाडा नसतो, प्रकाश कमी-जास्त झाला तरी त्या सांभाळून घेतात, आणि उन्हावरच्या टँकमध्ये प्रकाश रोज थोडा वेगळा असणारच. मुंबई किंवा बेंगळुरूच्या विक्रेत्याकडून मागवताना जातीचं नाव लिहिलेलं पक्कं बिल मागा. देत नसेल तर दुसरा बघा.

झोअँथिडबद्दल एक इशारा. त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात घालू नका, आणि दगडावरून ती काढण्यासाठी दगड कधीही उकळू नका. वाफेतून विष घरभर पसरतं.

दगड पावसाळ्याआधी ओता

जिवंत दगड घ्यायचा नसल्यामुळे दगड आपणच करायचा. सिरॅमिकचे तयार दगड मिळतात, ते चांगले असतात. पण घरी करायला खर्च नगण्य येतो. पांढरं सिमेंट एक भाग, शिंपल्यांचा जाडसर चुरा तीन ते चार भाग आणि थोडं खडे मीठ. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवांची कवचं मासे खाणाऱ्या घरात जमतातच. ती उकळून, घासून, कडक उन्हात वाळवून फोडायची. मिश्रण ओलसर वाळूसारखं घट्ट ठेवा, ओल्या वाळूत खड्डे करून त्यात ओता, बोटांनी भोकं पाडा, कमानी करा. दोन दिवसांनी बाहेर काढलं की मीठ पाण्यात विरघळतं आणि दगड सच्छिद्र होतो. या छिद्रांतच पुढे टँक स्वच्छ ठेवणारे जीवाणू राहतात.

सिमेंट पाण्याचा पीएच भयंकर वाढवतं, म्हणून हे दगड मुरावे लागतात. मेअखेर ओतून प्लास्टिकच्या ड्रममध्ये टाका आणि पावसाळाभर दर आठवड्याला पाणी बदला. दोन-अडीच महिन्यांनी ताज्या पाण्यात दोन दिवस ठेवूनही पीएच ८.५ च्या खाली राहिला की दगड तयार. घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

टँक आणि त्याची जागा

उन्हासाठी टँक उथळ आणि पसरट हवा. ९० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ उंच हे माप मला सर्वांत सोयीचं वाटतं. पूर्ण भरला तर १८० लिटर, दगड-वाळू गेल्यावर पाणी दीडशे लिटरच्या आसपास. काच १० मिमी घ्या. स्टँड धरून वजन तीनशे किलोला टेकतं, त्यामुळे माळ्यावर किंवा लाकडी तक्तपोशीवर हा टँक नको. तळमजल्यावर, भिंतीला लागून, पाणपातळीनं तपासलेल्या फरशीवर ठेवा. खिडकीकडची काच बाहेरून काळ्या कागदानं निम्मी झाका, म्हणजे प्रकाश वरून जास्त आणि बाजूनं कमी येईल.

पाणी हलवायला दोन छोटे वेव्हमेकर, समोरासमोर. त्यांचा एकत्रित प्रवाह तासाला टँकच्या दहा ते पंधरा पट असू द्या. आपल्या उंचीवर हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो आणि त्याच प्रमाणात पाण्यात विरघळणारा प्राणवायूही. गोव्यातल्या मित्राच्या टँकमध्ये आठ मासे सुखानं राहतात म्हणून आपणही आठ ठेवू नयेत, पाच पुरे. एक वेव्हमेकर पाण्याचा पृष्ठभाग सतत ढवळत राहील असा लावा.

हे वेव्हमेकर फार थोडी वीज खातात, ते घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. वळवाच्या पावसात वारं सुटलं की लाइट जाते आणि कधी येईल सांगता येत नाही. दिवा नसला तर टँक दोन दिवस सहज काढतो, पाणी थांबलं तर काही तासांत मासे धापा टाकू लागतात. बॅटरीवरचा एक हवेचा पंपही कपाटात असू द्या. सगळ्या वायरी बोर्डाच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही.

पाणी

बेळगाव शहरात राकसकोप जलाशयाचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं. बोअरचं पाणी बरेचदा जड असतं आणि उसाच्या पट्ट्यात त्यात खतांतलं नायट्रेट उतरलेलं असू शकतं. दोन्ही थेट चालत नाहीत. घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणीही तसंच वापरू नका, कारण चवीसाठी त्यात क्षार पुन्हा मिसळलेले असतात. त्याच्या मेंब्रेनमधून थेट येणारं पाणी उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनच्या नळीतून काढा. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, शून्य आला पाहिजे.

पावसाचं पाणी आपल्याकडे धो-धो पडतं, ते का वापरू नये? वापरता येतं, पण पत्र्यावरून किंवा पन्हाळीतून आलेलं नव्हे. पत्र्याचं जस्त गोगलगायी आणि कोळंबीला मारतं. पाऊस सुरू होऊन काही दिवस गेल्यावर, मोकळ्या अंगणात स्वच्छ प्लास्टिकची टाकी उघडी ठेवून थेट धरलेलं पाणी कार्बनमधून गाळून बाष्पीभवनाची भर घालायला चालतं. तांब्या-पितळेचं भांडं मात्र टँकच्या कुठल्याही पाण्याला लावू नका. तांबं बिनकण्याच्या जीवांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक आहे.

मीठ म्हणजे समुद्री टँकसाठी बनवलेलं कृत्रिम मीठच. खडे मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्षारता (अल्कलिनिटी) यांचं समुद्राचं प्रमाण नसतं. एका लिटरला साधारण ३६ ग्रॅम लागतं, म्हणजे दीडशे लिटरला साडेपाच किलोच्या आसपास. वेगळ्या टबमध्ये पंप लावून रात्रभर मिसळा, मग रिफ्रॅक्टोमीटरनं तपासा. खारेपणा हजारी ३५, विशिष्ट गुरुत्व १.०२६. चोर्ला घाट उतरून गोव्याहून खरं समुद्राचं पाणी आणण्याचा मोह होतो, पण मांडवीसारख्या नदीच्या मुखाजवळचं पाणी पातळ आणि गढूळ असतं, पावसाळ्यात तर जास्तच. मिठाचं पोतं उघडलं की उरलेलं हवाबंद डब्यात भरा, जुलैच्या दमट हवेत त्याचा दगड होतो.

नवरात्रात भरा, संक्रांतीला प्रवाळं

हा माझा आवडता वेळापत्रकाचा हिशेब. नवरात्रात टँक भरायचा. तळाला दोन-तीन सेंमी अ‍ॅरागोनाइट म्हणजे चुनखडीची वाळू, त्यावर मुरलेले दगड, मग खारं पाणी. हीटर २५ अंशांवर. बाटलीतले जीवाणू घाला आणि अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दशलक्षात दोन भाग) न्या. या काळात खिडकीवर जाड पडदा असू द्या. प्रवाळं नसताना ऊन दिलं तर ते फक्त शेवाळाला मिळतं.

अमोनिया उतरतो, नायट्राइट चढतो, तोही उतरतो आणि नायट्रेट दिसू लागतं. याला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या आसपास. दिवसभरात दोन्ही शून्य होऊ लागले की अर्धं पाणी बदला, पडदा अर्धा उघडा आणि सात-आठ ट्रोकस किंवा टर्बो गोगलगायी सोडा. उन्हावरच्या टँकमध्ये शेवाळ येतंच, तपकिरी थर आधी, मग हिरवा. गोगलगायी हे काम करतात. शिवाय पाण्यातलं जास्तीचं खाद्य खाण्यासाठी एका बाजूला, उन्हाच्या वाटेवर, प्लास्टिकची खरखरीत जाळी लावा आणि तिच्यावरून पाण्याची पातळ धार सोडा. जाळीवर शेवाळ उगवू द्यायचं आणि आठवड्याला ते खरवडून टाकायचं. शेवाळ जाळीवर वाढलं की दगडावर कमी वाढतं.

डिसेंबरमध्ये मासे. ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी, एक फायरफिश, एखादा गोबी. आधी वेगळ्या टबात तीन-चार आठवडे क्वारंटाइन. संक्रांतीला पहिली प्रवाळं, सुरुवातीला मशरूम आणि झोअँथिडच. बेंगळुरूहून रात्रीच्या गाडीनं पार्सल पहाटे येतं, ते आल्याआल्या उघडून उजेडात ठेवू नका. पिशवी अर्धा तास टँकच्या पाण्यावर तरंगू द्या, मग बारीक नळीनं थेंब-थेंब टँकचं पाणी तासभर घाला.

आणि आता सर्वांत नाजूक टप्पा. ही प्रवाळं दुकानात बहुधा मंद निळ्या दिव्याखाली राहिलेली असतात. त्यांना एकदम ऊन दिलं तर त्यांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. पहिला आठवडा त्यांना तळाशी, दगडाच्या सावलीत ठेवा आणि टँकवर पांढऱ्या मलमलीच्या दोन घड्या पसरा. दुसऱ्या आठवड्यात एक घडी काढा. तिसऱ्यात दुसरी काढा आणि ऊन जास्त वाटलं तर नर्सरीत मिळणारी ५० टक्क्यांची काळी शेडनेट लावा. हिरवी नेट घेऊ नका, ती प्रकाशाचा रंग बदलते. खिडकीची काच तीव्र अतिनील किरणं बरीच अडवते. तेव्हा काचेआड वाढलेलं प्रवाळ उघड्या अंगणात नेलं तर ही सगळी उजळणी पुन्हा करावी लागेल.

सगळं जुळलं की एका सकाळी टँकजवळ बसून बघा. कवडसा यायच्या आधी झोअँथिड मिटलेले असतात, बटणांच्या रांगेसारखे. ऊन डाव्या कडेला टेकतं, आणि तिथला पहिला पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा एकेक जीव, काठ सैल करतो, मग झालर उलगडते आणि मधला हिरवा गोल दिसतो. कवडसा सरकेल तसे पुढचे उघडत जातात, अख्खी रांग अर्ध्या-पाऊण तासात. वरच्या लाटांची सोनेरी जाळी वाळूवर धावत असते. तशी जाळी दिव्याखाली क्वचितच इतकी जिवंत दिसते. लेदर कोरल अधूनमधून आठवडाभर मिटून राहतं आणि अंगावरची मेणचट साल टाकतं. घाबरू नका, वेव्हमेकरचा झोत थोडा त्याच्याकडे वळवला की साल निघून जाते आणि पॉलिप पहिल्यापेक्षा भरगच्च येतात.

उन्हाच्या पिवळ्या प्रकाशात प्रवाळं दिव्यांखालच्यापेक्षा तपकिरी दिसतात. तो त्यांचा निरोगी रंग असतो. संध्याकाळी तासभर मंद निळा दिवा लावला तर त्यांचे झगमगते रंगही दिसतात.

मार्च ते मे: उष्णता

या टँकचा आकार डोळ्यासमोर ठेवून हिशेब करा. पाण्याचा पृष्ठभाग ०.४ चौरस मीटर. भर उन्हात चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट मिळतात, म्हणजे टँकवर ४०० वॅट. एवढं पाणी एक अंशानं तापायला सुमारे २०० वॅट-तास लागतात. म्हणजे पूर्ण थेट ऊन तासाला जवळपास दोन अंश चढवू शकतं. पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचं आहे आणि ३० ओलांडलं की धोका सुरू.

उपाय स्वस्त आहे. पाण्यावर तिरका वारा सोडणारा छोटा टेबल फॅन. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे ६७० वॅट-तास उष्णता घेऊन जातं, आणि एप्रिलची आपली हवा कोरडी असल्यामुळे दिवसाला तीन-चार लिटर सहज उडतं. फॅनमुळे दोन ते चार अंश उतरतात. बेळगाव-खानापुरात एवढं पुरतं, रात्रीही बऱ्यापैकी गारवा येतो. अथणी-रायबागकडे उन्हाळा कडक असतो, तिथं चिलरचा (पाणी गार करणाऱ्या यंत्राचा) विचार करा किंवा दगडी भिंतींच्या आतल्या खोलीत टँक ठेवा. फॅन लावला की गोड्या पाण्याची भर रोज घालावीच लागते, नाहीतर खारेपणा चढतो. उडालेलं पाणी गोड, म्हणून भरही गोड्या पाण्याचीच, मीठ घालायचं नाही. मार्चपासून दहा वाजल्यानंतर शेडनेट ओढायची, सकाळचं कोवळं ऊन पुरेसं असतं.

पावसाळा

मिरगाच्या सरी लागल्या की वही काढा. दाट ढगाच्या दिवशी खिडकीत दिवसभर हजार-दोन हजार लक्सच मिळतात, बेरीज दहा तासांची केली तरी जेमतेम एक मोल. प्रवाळं दोन-चार दिवस तग धरतात, जुलैचा अख्खा महिना नाही. म्हणून एक मध्यम एलईडी जूनच्या पहिल्या आठवड्यातच बसवा. टायमरवर आठ तास, तळाशी ६० ते ८० पार मिळतील एवढा. म्हणजे दिवसाला दोन मोलच्या आसपास, उरलेलं ढगातून येतं. सूर्यप्रकाशाच्या टँकला दिवा लावणं म्हणजे हार मानणं, असं समजू नका. खानापूर-जांबोटीकडे पाऊस कसा लागतो ते आपल्याला माहीत आहे.

पावसाळ्यात हवा दमट असते, फॅन पाणी गार करत नाही, पण तेव्हा उष्णताही नसते. फॅन काढून ठेवा. शेवाळ मंदावतं, म्हणून जाळीवरची वाढही कमी होते आणि नायट्रेट हळूहळू चढतं. खाद्य निम्म्यावर आणा.

रोजचं आणि आठवड्याचं

सकाळी तापमान, भर घालणं, मासे मोजणं. आठवड्याला १५ लिटर पाणी बदलणं, काच पुसणं, जाळी खरवडणं. नायट्रेट ५ ते २०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या दरम्यान ठेवा. शून्यावर नेण्याचा हट्ट नको, मऊ प्रवाळांना थोडं खाद्य पाण्यात लागतंच. क्षारता ८ ते ९ डीकेएच (हे अल्कलिनिटीचं माप), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम. मऊ प्रवाळं हे फार खात नाहीत, पाणी बदलण्यातून भरून निघतं. बाटल्यांतली रसायनं घेऊ नका.

डासांची फवारणी टँकच्या खोलीत कधीच नको. दिवाळीच्या रंगकामात टँक प्लास्टिकनं झाकून हवेचा पंप दुसऱ्या खोलीतल्या हवेवर लावा. धूप, ऊद, गौरी-गणपतीचा धूर यांनाही हेच. वर बारीक जाळीचं झाकण हवंच, फायरफिश उडी मारतो आणि पाल आत पडते. काचेचं झाकण लावलं तर आठवड्याला पुसा, मिठाचा थर प्रकाश बराच खातो.

सप्टेंबरअखेर ढग फाटू लागले की मलमल परत काढा. चार महिने मंद प्रकाशात राहिलेली प्रवाळं आता जानेवारीतल्या नव्या प्रवाळांइतकीच नाजूक असतात, आणि ऑक्टोबरचं ऊन धुतलेल्या हवेतून थेट येतं. एलईडी आठ तासांवरून दर चार दिवसांनी एक तास कमी करा. त्याच वेळी मलमलीच्या दोन घड्यांवरून एकीवर, मग मोकळ्या उन्हावर या. महिनाभर द्या. या काळात कुठलं प्रवाळ फिकट पडताना दिसलं तर ते एक वीत खाली हलवा आणि पंधरा दिवस तिथंच राहू द्या.